आधी हवा मोजा, मग टायर बघू

भाच्याचा फोन आला तेव्हा मी महाराज बाड्यावर स्कूटर लावायला जागा शोधत होतो. "मामा, ट्रॅक डेला नाव नोंदवलंय. आता फक्त सांग, टायर कोणते घालू?" ट्रॅक डे म्हणजे हौशी लोकांनी आपापली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर ठरावीक वेळेच्या सत्रांत चालवायचा दिवस. गाडी त्याची साधी पेट्रोल स्विफ्ट, सहा वर्षं वापरलेली. ट्रॅक म्हणजे ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं जिथे फॉर्म्युला वन झाली ते. ग्वाल्हेरहून तीनेकशे किलोमीटर.

मी विचारलं, "हवा मोजायचं मीटर आहे का तुझ्याकडे?"

"पंपावर असतं की."

"मग टायरचं राहू दे. आधी मीटर घे."

त्याला वाटलं, मामाने टोलवलं. टोलवलं नव्हतं, पण रहदारीत उभं राहून फोनवर सांगण्याइतकी ती गोष्ट छोटीही नव्हती. म्हणून आता सविस्तर लिहितो. मी काही रेसर नाही. हौशी माणूस आहे, टायर वाया घालवून शिकलेला.

एक टनाच्या आसपास वजनाची गाडी रस्त्याला टेकते ती किती जागेवर? प्रत्येक टायरचा साधारण आपल्या पंजाएवढा भाग. म्हणजे चार पंजे. ब्रेक लावणं, वळणं, वेग घेणं, सगळं त्या चार पंजांतून. शहरात आपण त्यांच्याकडून फारसं काम घेतच नाही. बुद्ध सर्किटवर तिसऱ्या वळणानंतर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे. त्याच्या शेवटी साधी हॅचबॅकसुद्धा दीडशेच्या वर असते आणि तिथून जोरात ब्रेक मारून चौथ्या वळणात उजवीकडे शिरायचं असतं. ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं, वळलं की बाहेरच्या बाजूला. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने धावायचा ट्रॅक आहे, उजवी वळणं जास्त. स्विफ्टसारख्या गाडीत इंजिन पुढे आणि ओढणारी चाकंही पुढचीच. तेव्हा त्या दिवसाचा हमाल कोण, तर पुढचा डावा टायर. बाकीचे तिघे त्याच्या मानाने पाहुणे.

आता हा टायर रस्ता धरतो कसा? रबर डांबराच्या बारीक खडबडीत कणांवर दाबलं जातं, त्यांच्या खाचांत शिरतं, ताणलं जातं आणि जरा आळसाने मूळ आकारात परत येतं. त्या आळसातच पकड आहे. स्प्रिंगसारखं झटकन परत आलं असतं तर इतकं चिकटलं नसतं. आणि दर वेळी दबण्या-ताणण्यात जी ताकद खर्च होते तिची उष्णता होते. म्हणजे पकड हवी असेल तर उष्णता येणारच.

आमच्याकडे हिवाळ्यात तिळाची गजक बनते, मुरैनाची तर नावाजलेलीच. पाक बघणारा कारागीर काय करतो? पाक कच्चा राहिला तर तीळ धरून ठेवत नाही, जास्त शिजला तर करपतो, कडू लागतो. मधली एक वेळ असते, तीच साधायची. टायरचं तसंच. गार रबर कडक, घसरतं. रस्त्यावरचे चांगले टायर ट्रॅकवर साधारण ७० ते ९० अंश सेल्सिअसच्या आसपास मनापासून काम करतात. त्याच्या फार वर गेले की पृष्ठभाग तेलकट झाल्यासारखा होतो, गाडी पोहायला लागते आणि टायरच्या नक्षीतल्या ठोकळ्यांचे तुकडे निघायला लागतात. ट्रॅकवर टायर सांभाळायचा म्हणजे हा पाक सांभाळायचा. कोणता टायर घ्यायचा हा प्रश्न खरं तर कोणती कढई घ्यायची एवढाच आहे.

कढई

तरी कढईबद्दल थोडं. टायरच्या बाजूवर लिहिलेलं वाचता आलं पाहिजे. उदाहरणार्थ १८५/६५ आर १५ ८८ एच. रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल, १५ इंची रिम. ८८ हा वजनाचा आकडा, म्हणजे एका टायरला ५६० किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत, टी असेल तर १९०, व्ही असेल तर २४०. वजन आणि वेग या दोन्हींत कंपनीने दिलेल्याच्या खाली कधी उतरू नका, वर चालतं.

मग चार अंकांचा शिक्का शोधा. २३२३ असेल तर २०२३ सालचा तेविसावा आठवडा. रबर वापरलं नाही तरी वयाने कडक होतं. पाच वर्षांपलीकडचा टायर, त्यावर नक्षी नवीकोरी दिसत असली तरी, मी ट्रॅकवर नेणार नाही. आणि स्वस्तात मिळतो म्हणून रिमोल्ड केलेला, म्हणजे जुन्यावर नवा थर चढवलेला, तर मुळीच नाही. ट्रॅकच्या उष्णतेत वरचा थर सुटून येऊ शकतो.

काही टायरवर ट्रेडवेअर नावाचा आकडा असतो. अमेरिकेतली पद्धत आहे ही. एका ठरलेल्या टायरला १०० मानून बाकीचे किती टिकतात ते कंपनी स्वतःच सांगते, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे समोरासमोर ठेवून भांडू नये. पण ढोबळ अर्थ असा : आकडा जितका लहान, रबर तितकं मऊ, पकड जास्त आणि आयुष्य कमी. परदेशातल्या हौशी लोकांत २०० वाले टायर ट्रॅकसाठी आवडते. मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट ४ वर ३२० असतो. आपल्या रोजच्या गाडीचे टायर बहुधा याहून कडक.

२०० वाले आपल्याकडे, त्यातही पंधरा इंचात, सहज मिळत नाहीत. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली, तेव्हापासून हौशी मंडळींची निवड आणखी आखडली. पण पहिल्या एक-दोन ट्रॅक डेसाठी याचं दुःख करू नका. मऊ, चिकट टायर आपल्या चुका लपवतो आणि लपवता लपवता एकदम सोडतो. साधा टायर आधी आवाज करतो, मग हळूहळू घसरतो. शिकायला साधाच बरा.

आवाजाचं जरा जास्त सांगतो, ग्वाल्हेरचा माणूस सुराची भाषा बोलणारच. टायर सगळ्यात घट्ट धरतो तो अगदी किंचित घसरत असताना. चाक जिकडे बघतं आणि टायर जिकडे जातो त्यात काही अंशांचा फरक पडतो, त्याच वेळी रबर सर्वात जास्त ताणलेलं असतं. तेव्हा एक हलका, सलग, घुमणारा सूर येतो. स्टीअरिंग आणखी पिळलंत की त्याची किंकाळी होते, वळण काही वाढत नाही, फक्त पुढचा डावा टायर भाजून निघतो. किंकाळी आली की स्टीअरिंग थोडं सोडा. काचा बंद आणि गाणी चालू असतील तर हे काहीच ऐकू येणार नाही.

एक माप मोठा टायर घालायचा विचार बहुतेकांच्या मनात येतो. १८५/६५ च्या जागी १९५/६० घातला तर बाहेरचा व्यास जेमतेम एक टक्का कमी होतो, वेगाचा काटा फारसा खोटं बोलत नाही. चालेल, पण रिमची रुंदी त्याला पुरेशी आहे का ते रिमवरच्या आकड्यावरून दुकानात विचारून घ्या. सतरा इंची चकचकीत रिम मात्र पैसे घालवायचा मार्ग. चाक जड होतं आणि तो भार स्प्रिंगच्या खालचा, म्हणजे सगळ्यात वाईट जागचा.

नवा टायर घ्यायचाच असेल तर आधी काही शे किलोमीटर रस्त्यावर चालवा. उलट, थोडा घासलेला टायर कोरड्या ट्रॅकवर नव्यापेक्षा बरा वागतो. नव्या टायरची नक्षी सात-आठ मिलिमीटर खोल असते, उंच ठोकळे वळणात डुलतात, डुलून तापतात आणि कडा फाटतात. चार-पाच मिलिमीटर उरलेल्या टायरचे ठोकळे बुटके आणि खंबीर. पाऊस असेल तर हिशेब नेमका उलटा, कारण पाणी बाहेर फेकायला खोल खाचा लागतात. १.६ मिलिमीटरच्या खुणेला टेकलेला टायर घेऊन घरून निघायचंच नाही.

हवा

आता मीटरवर येतो. अर्ध्याहून जास्त खेळ इथेच आहे आणि सगळ्यात कमी खर्चात.

हवा तापली की दाब वाढतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. किती वाढतो हे मात्र बहुतेकांना माहीत नसतं. मीटर दाखवतं तो दाब बाहेरच्या हवेच्या वरचा असतो. बाहेरच्या हवेचे १४.७ पौंड (म्हणजे पीएसआय) त्यात मिळवायचे आणि तापमानात २७३ मिळवायचे, मग दोन्ही एकाच प्रमाणात वाढतात. जानेवारीची सकाळ धरू, १५ अंश. टायरमध्ये ३२ पौंड. चार-पाच फेऱ्यांनंतर आतली हवा ७५ अंशांवर गेली तर मीटर दाखवेल ४१ ते ४२. म्हणजे जवळजवळ दहा पौंड जास्त! गाडी तीच, टायर तोच, आणि टायर फुग्यासारखा मधोमध फुगून उभा. पंजा लहान झाला, पकड गेली, आणि चालवणारा म्हणतो टायर बेकार आहे.

म्हणून ट्रॅकवर गार हवेचा आकडा फक्त सुरुवातीचा. खरा आकडा गरम टायरचा. साध्या हॅचबॅकला रस्त्याच्या टायरवर गरम असताना ३६ ते ३८ च्या आसपासपासून सुरुवात करावी आणि तिथून गाडीचं ऐकत एक-एक पौंड इकडेतिकडे करावं. पद्धत सोपी : दाराच्या खांबावर चिकटवलेल्या कागदावर जो गार दाब लिहिलाय तेवढ्या हवेने पहिलं सत्र सुरू करा. त्याहून कमीने नाही. सत्र संपवून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबतात तिथे, आलात की हॅंडब्रेक न ओढता, गाडी गिअरमध्ये ठेवून लगेच चारही टायर मोजा आणि जास्तीची हवा सोडा. हॅंडब्रेक का नको? तापलेल्या ब्रेकला पकडून ठेवलं की तो गार होऊ शकत नाही. प्रत्येक सत्राला हेच. आकडे वहीत लिहा, मोबाइलवर लिहिलेत तरी चालेल, पण लिहा. पुढचा डावा इतरांपेक्षा दोन-तीन पौंड जास्त चढलेला दिसेल, तो हमाल आहे हे विसरू नका.

मीटर अगदी अचूक असायलाच हवं असं नाही, पण दर वेळी तेच हवं. पंपावरचं मीटर दिवसभर आपटलेलं असतं. दोन पंपांवरचे आकडे दोन-तीन पौंडांनी सहज वेगळे येतात आणि आपलं सगळं गणित त्या दोन-तीन पौंडांचंच आहे.

नायट्रोजन भरून घेऊ का, हाही प्रश्न येतोच. आपण श्वास घेतो त्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच आहे. नायट्रोजनही तापला की त्याच नियमाने दाब वाढवतो. खरा फायदा त्याच्या कोरडेपणाचा. साध्या कॉम्प्रेसरच्या हवेत पाण्याची वाफ असते, ती तापल्यावर दाब जास्त आणि बेभरवशाने चढवते. मिळत असेल तर घ्या, नसेल तर अडत नाही. मोजायचं मात्र कोणालाच चुकत नाही.

आकड्यांशिवाय टायर स्वतःही सांगतो, आणि त्याला लागतं ते शाळेच्या कॅनव्हासच्या बुटांना लावायचं पांढरं पॉलिश. टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून बाजू सुरू होते तिथे, तीन ठिकाणी उभे पट्टे ओढायचे. खांद्यावर बारीक त्रिकोणी खुणा असतात, त्यांच्याजवळ ओढले तर आणखी बरं. सत्रानंतर बघा : पांढरा रंग त्रिकोणापर्यंत घासून गेला असेल तर ठीक. त्रिकोणाच्याही खाली बाजूवर घासला असेल तर टायर वळणात कुशीवर लोळतोय, हवा कमी आहे किंवा कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत झुकाव, कमी आहे. खांद्यापर्यंत रंग पोचलाच नसेल, तर हवा जास्त. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो हसला. मी म्हटलं, तुझी आई तुझ्या बुटांना शनिवारी लावायची तेच, घरात अजून अर्धी बाटली असेल.

तापमान मोजणारी मंडळी टायरच्या आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला असं तीन जागी मोजतात. मध्य जास्त गरम तर हवा जास्त, दोन्ही कडा गरम तर हवा कमी. बाहेरची कडा एकटीच भाजत असेल तर कॅम्बर वाढवायची गरज आहे. लांबून बीम मारणारं स्वस्त थर्मामीटर फक्त वरची कातडी बघतं, आणि ती पिटपर्यंत येईतो गार झालेली असते. रबरात टोचायची सुई असलेलंच खरं. पहिल्या दिवशी याची गरज नाही.

चाक जरा आत झुकवणं

कॅम्बर म्हणजे समोरून बघितल्यावर चाक किती तिरकं आहे ते. वरचं टोक आत झुकलेलं असेल तर उणे कॅम्बर. बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन पद्धतीचं सस्पेन्शन असतं. वळणात गाडी कलली की त्यात बाहेरचं चाक वरून बाहेर पडतं, आणि आपला हमाल कडेवर उभा राहून ओझं वाहतो. कंपनीतून गाडी येते तेव्हा पुढचा कॅम्बर शून्याच्या आसपास असतो, म्हणून ट्रॅकवर बाहेरचा खांदा एका दिवसात झिजतो आणि आतला भाग नवाच्या नवा राहतो.

उपाय म्हणजे कॅम्बर बोल्ट. स्ट्रट, म्हणजे सस्पेन्शनचा उभा दांडा, जिथे चाकाच्या भागाला जोडला जातो तिथला एक बोल्ट काढून मध्येच फुगीर असलेला घालायचा. त्याने साधारण एक ते दीड अंश उणे कॅम्बर मिळतो. रोज चालवायच्या गाडीला तेवढा पुरे. त्याहून जास्त केलात तर सरळ रस्त्यावर आतली कड झिजते, आणि आपण ट्रॅकवर वर्षातून दोनदा जाणार, बाकी वर्षभर सरळच चालणार. दोन गोष्टी अलाइनमेंटवाल्याला बजावून सांगा. पहिली, कॅम्बर बदलला की टो, म्हणजे वरून बघितल्यावर चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते, आपोआप बदलतो, म्हणून कॅम्बर आधी, टो नंतर, आणि टो शून्यावर. दुसरी, छापील कागद हातात घ्या. "हो गया भाईसाब" एवढ्यावर विश्वास ठेवून मी एकदा पुढचे दोन टायर खाल्लेत. तो माणूस आजही भेटला की नमस्कार करतो.

कॅम्बरच्या आधी ब्रेक ऑइल नवं घाला. ते उकळलं तर पेडल पायाखाली जातं, आणि मग टायर कोणते होते याला अर्थ उरत नाही. चाकांचे नट टॉर्कच्या पान्याने, गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याला घट्ट करा आणि प्रत्येक सत्रानंतर पुन्हा बघा. विम्याचे कागदही जाण्याआधी वाचून घ्या. नेहमीच्या मोटार पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी हा वापर धरलेला नसतो, तिथे काही झालं तर खर्च आपला.

सत्रं बहुधा पंधरा-वीस मिनिटांची असतात. पहिली फेरी टायर तापवायची, तिच्यात कुणाला मागे टाकायचं नाही. शेवटची गार करायची, जमेल तितका ब्रेक टाळून. मधल्या तीन-चार फेऱ्याच खऱ्या. टायर तेलकट वाटायला लागला की जिद्दीने ओढण्यापेक्षा एक फेरी हळू काढा, तो परत येतो.

आता जे सांगायला मी हे सगळं लिहायला बसलो ते. संध्याकाळी ट्रॅकवरून निघताना टायरमध्ये किती हवा आहे? दिवसभर आपण ती सोडतच आलोय. गरम ७५ अंशांना ३६ ठेवली होती. तासाभराने बाहेर १५ अंश, टायर गार. आता मीटर दाखवेल २७. सकाळी कागदाप्रमाणे भरलेल्या ३२ पेक्षा पाच कमी. आणि इथून यमुना एक्सप्रेसवे, एकूण १६५ किलोमीटरचा सिमेंटचा सरळ रस्ता, २०१२ साली सुरू झाला तेव्हापासून टायर फुटण्यासाठी बदनाम. कमी हवेचा टायर प्रत्येक फेरीला बाजूने दुमडतो, दुमडून तापतो. ट्रॅकवर पंधरा मिनिटांनी आपण थांबतो, मोजतो, गार करतो. एक्सप्रेसवेवर ताशी १०० ने दीड तास कुणी थांबत नाही. तापलेली हवा फुगून टायर फुटला असं लोक म्हणतात, पण बऱ्याचदा उलटं असतं : हवा कमी होती, बाजू दुमडून भाजली, आतल्या दोऱ्यांनी साथ सोडली. त्यातून दिवसभर ट्रॅकवर तापलेला टायर. मागे सामान, स्टेपनी, दोन मित्र.

म्हणून निघण्याआधी टायर हाताला गार लागेपर्यंत चहा प्या आणि चारही टायर कागदावरच्या आकड्यापर्यंत भरा, गाडी भरलेली असेल तर त्या रकान्यातल्या आकड्यापर्यंत. बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर सोबत ठेवा, गर्दीच्या पंपावर कुणी आकड्याशी हुज्जत घालू देत नाही. साइडवॉलवर हात फिरवून फुगवटा, चीर आहे का तेही बघा.

भाचा गेला, आला. नोएडाहून निघताना त्याने हवा भरली की नाही हे मी विचारलं नाही. रात्री दहाला त्याचाच फोन आला, ग्वाल्हेरजवळच्या बामोरच्या पुढून, जिथे हायवेवरून जेके टायरच्या कारखान्याचे दिवे दिसतात तिथून. "मामा, पुढचा डावा बाहेरून पार गेला. त्या कॅम्बर बोल्टचं काय म्हणत होतास?"